तीस जीव आणि दहा मात्रा

आमच्या इंदूरच्या घरात दोन वाद्यं अशी होती, की वाजायच्या आधी त्यांची मनधरणी करावी लागे. पहिलं आजोबांचा पखवाज. डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापल्याखेरीज तो धड ‘धा’ म्हणत नसे, आणि तो गोळा आईने पोळ्यांसाठी मळलेल्या परातीतूनच उचलला जाई. “अण्णांचा रियाज म्हणजे घरात दोन पोळ्या कमी,” असं आई म्हणे. पण स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात. दुसरं वाद्य म्हणजे माझा टीव्ही गेम. त्याची कॅसेट खाचेत सरकवली, की निम्म्या वेळा पडद्यावर नुसत्या करड्या पट्ट्या थरथरत. मग शेजारचा मित्र वैद्यबुवांच्या थाटात सांगे, “अरे भिया, निकाल, फूँक मार, फिर लगा!” मी कॅसेट काढून बासरीसारखी ओठांशी धरायचो, फुंकर मारायचो, पुन्हा बसवायचो, आणि मारिओ हजर व्हायचा. पुष्कळ वर्षांनी कुठेतरी वाचलं, की फुंकरीचा काही उपयोग नसतो. कॅसेट काढून पुन्हा बसवताना तिचे दात नीट टेकतात, एवढंच; उलट तोंडाच्या वाफेने ते गंजतात. असेल. कणीक लावल्याने पखवाजाचा आवाज खाली का उतरतो, हे तरी मला कुठे कुणी समजावून सांगितलं होतं? दोन्ही गोष्टी मी श्रद्धेने करत होतो.

गेमचा डबा म्हणजे अर्थातच नक्कल. मूळ पुरुष जपानचा: निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ला फॅमिकॉम बाजारात आणला आणि पुढे त्याची खरीखोटी भावंडं जगभर पसरली. आपल्याकडे ती समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी नांदली. आमच्याकडचं भावंड १९९६च्या दिवाळीत, बाबांच्या बोनसमधून, महाराणी रोडवरच्या एका दुकानातून आलं. त्याच्यावरचं नाव आठवड्याभरात बोटांनी पुसून गेलं, त्यामुळे त्याच्या कुळाबद्दल मी आज काहीच सांगू शकत नाही. बाबांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता, “टीव्ही तो खराब नहीं होगा?” दुकानदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “टीव्ही की गॅरंटी है, साब.” सोबतच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात खेळ वीस-बावीस. बाकीचं सगळं पुनर्जन्माच्या तत्त्वावर.

आता आमचं गाव गाण्याच्या बाबतीत जरा शिष्ट आहे, हे आधी सांगायला हवं. लताबाईंचा जन्म १९२९ मध्ये इथल्या शिख मोहल्ल्यातला. आमीर खाँसाहेबांच्या गायकीमुळे तर घराण्यालाच गावाचं नाव मिळालं. तासाभराच्या अंतरावर देवासला कुमारजी. आणि पखवाजाचं म्हणाल, तर होळकरांच्या इंदुरात नाना पानसे होऊन गेले, ज्यांच्या नावाचं घराणं पुढे चाललं. आजोबा त्या परंपरेतल्या एका गुरुजींकडे चार-पाच वर्षं शिकले होते. मग नोकरी लागली, लग्न झालं आणि विद्या हौसेवर आली. बोलायचे मात्र ते थेट दरबारातून. रामबागेतल्या आमच्या पुढच्या खोलीत बसून शेजारच्या लग्नाच्या बँडलासुद्धा ते ‘लय सोडली’ म्हणून नापास करत. अशा माणसाच्या कानावर, दुपारच्या झोपेच्या वेळी, मारिओ पडला.

“काय किरकिरतंय रे? स्टॅबिलायझर बिघडला का?” ही पहिली दाद.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला एक दृश्य दिसलं. आजोबा ‘नईदुनिया’ तोंडासमोर धरून बसलेत, पान उलटत नाही, आणि वर्तमानपत्राच्या खाली पायाचा अंगठा ठेका धरून हलतोय. मी काही बोललो नाही. घरातल्या मोठ्या माणसाला रंगेहाथ पकडायचं नसतं. थोड्या वेळाने वर्तमानपत्रामागून प्रश्न आला, “त्याने आत्ता डोक्याने विटेला धडक दिली, तेव्हा काय मिळालं?”

“पैसा, आजोबा. कॉइन.”

“हं. प-सां.”

तो आवाज मी हजारदा ऐकला होता आणि त्यात स्वर आहेत, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आजोबांनी गुणगुणून दाखवलं: पंचमावरून उडी, थेट तार षड्जावर. आता जाणकार सांगतात की ते पाश्चात्त्यांचे ‘बी’ आणि ‘ई’, अंतर तेच. पैसा मिळाल्याचा आनंद दोन स्वरांत सांगायचा तर याहून नेमकं काय असणार? पंचमावर हात पुढे केला, षड्जावर पैसा पडला.

एकदा कान उघडले, की माणूस थांबत नाही. आजोबा आता खेळ बघत नसत, ऐकत. एका संध्याकाळी म्हणाले, “तो उडी मारतो ना, तेव्हा एक साथीदार गप्प बसतो.” मला वाटलं, म्हातारपण. पण म्हातारपण नव्हतं, कान होता. त्या डब्यातल्या चिपकडे आवाज मोजून पाच. दोन चौकोनी लहरींचे, त्यांच्यावर चाल. एक त्रिकोणी लहरीचा, तो खर्जाकडचं बघणार. एक नुसत्या खरखरीचा, त्याच्यातून झांजा-ढोल काढायचे. आणि पाचवा रेकॉर्ड केलेले बारीकसारीक तुकडे वाजवणारा. यातच गाणंही बसवायचं, उडीही, पैसाही आणि कासवाला घातलेली लाथही. त्यामुळे मारिओ उडाला, की ‘टुइंग’ म्हणण्यासाठी चालू गाण्यातलाच एक आवाज क्षणभर उसना घेतात, आणि पाय जमिनीला लागायच्या सुमारास परत करतात. बैठकीत सारंगीवाला पान थुंकायला जरा वळतो, तसं. हे कारण मला कळायला पंधरा वर्षं लागली. आजोबांना कारणाशी कर्तव्य नव्हतं. गैरहजेरी त्यांनी लावली होती.

ही करामत ज्याची, तो कोजी कोंडो. नागोयाचा मुलगा, १९८४ मध्ये निन्टेन्डोत लागला, आणि १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ त्याच्या वाट्याला आला. त्याने आधी केलेली चाल म्हणे निवांत होती. पडद्यावरच्या पळण्या-उडण्याशी तिचा मेळ बसेना, म्हणून ती टाकून दुसरी केली. बरं झालं. आमच्या इंदूर घराण्याच्या अतिविलंबित झुमऱ्यात मारिओ धावला असता, तर राजकन्येची पणती सुटली असती. हे सगळं, म्हणजे चित्रं, चाली, बत्तीस पातळ्या, ढग आणि कासवं धरून, ४० किलोबाइटांत मावलेलं. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘सुप्रभात’चा गुलाब याहून जड असतो.

आता मुख्य गोष्ट. आजोबांची एक जुनी अडचण होती: त्यांना लेहरा धरायला माणूस नव्हतं. एकट्याने पखवाज वाजवायचा, तर कुणीतरी पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटीशी सुरावट फिरवत राहावं लागतं, तासभर लागला तर तासभर. त्या सुरावटीने पुढे यायचं नाही, हुशारी दाखवायची नाही, कंटाळायचं नाही. फक्त दर आवर्तनाला समेवर इमानाने हजर व्हायचं, म्हणजे वाजवणाऱ्याला हवं तिथे भटकून परत यायला घर राहतं. मला पेटीवर बसवून झालं होतं. पाचव्या मिनिटाला माझी बोटं लेहरा सोडून भलतीकडे जात, आणि आजोबा पखवाजावर हात आडवा ठेवून नुसते बघत. ते बघणं अजून आठवतं.

तर एका रविवारी दुपारी त्यांनी फर्मान काढलं, “त्याला उभा कर.”

“कुणाला?”

“तुझ्या त्या टोपीवाल्याला. पळवू नकोस. नुसता उभा राहू दे.”

पहिल्या पातळीच्या सुरुवातीला मारिओ जागचा हलला नाही, तर त्याच्या वाटेला कुणी जात नाही. शत्रू पलीकडे, ढग वर, तो आपला मधे उभा, आणि गाणं चालूच. आजोबांनी परातीतून कणीक आणली, पुडीला थापली, पखवाज मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. सुरुवातीचा उठाण त्यांनी जाऊ दिला, मग सोळा मात्रांचं आवर्तन बरोबर पकडलं आणि पहिला ‘धा’ टाकला. जपानी वंशाच्या डब्यातून आलेल्या त्या चालीवर पानसे घराण्याचा हात चालू झाला, आणि आई पोळपाट घेऊन दारात येऊन उभी राहिली.

मारिओच्या घड्याळात त्या पातळीला ४०० आकडे असतात. ते सेकंद नव्हेत. एक आकडा सेकंदाच्या चार दशांशाएवढा. म्हणजे सारी मैफल दोन मिनिटं चाळीस सेकंदांची. आकडा शंभराच्या आत आला, की डबा एक इशारा देतो आणि गाण्याची लय एकदम चढते. आजोबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी एक डोळा उघडला, “अस्सं!” म्हणाले, आणि द्रुतात शिरले. शेवटी वेळ संपली, मारिओ हात वर करून पडद्याखाली पडला आणि त्याची ती मरणाची छोटीशी फिरत वाजली. आजोबांची तिहाई त्याच्या किंचित आधी संपली होती. “हा समेची वाट बघत नाही,” ते म्हणाले, “मरतो.” मग म्हणाले, “पुन्हा.”

तीन जीव, म्हणजे आठ मिनिटं. त्या हिवाळ्यात आजोबांचा रोजचा रियाज एवढाच होता, आणि जगातला बहुधा हा एकमेव मारिओ होता, जो एक पाऊल न टाकता रोज तीनदा मरत होता. मला खेळायला त्यानंतर मिळे.

मला तेव्हा हे सगळं विनोदी वाटे. आता वाटतं, की या संगीताची खरी जात आजोबांनीच ओळखली. लोक त्याला गाणं समजतात आणि मग म्हणतात, काय तीच ती चाल! गाणं नाहीच ते. तो लेहरा आहे. तो आपल्यासाठी फिरत असतो, वाजवणारे आपण. उडी, धडक, पैसा, चुकून खड्ड्यात पडणं, हे आपले बोल. आमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगिये होते. साथीला बसून दुसऱ्याला उठाव देणं म्हणजे काय, हे या गावाला निराळं शिकवावं लागत नव्हतं. कोंडोचीही एक गोष्ट याला धरून आहे. १९८६च्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’च्या आरंभाला त्याला रावेलचा ‘बोलेरो’ घ्यायचा होता. पश्चिमेकडचा मोठ्यात मोठा लेहराच तो. एकच चाल पाव तास फिरते आणि खाली ताशा अखंड. पण त्याचे हक्क अजून संपले नव्हते, आणि बिचाऱ्याला एका रात्रीत नवी चाल बांधावी लागली. आजोबांना हे सांगायला मिळालं असतं, तर ते म्हणाले असते, “बघ, तोही पेटीवाला शोधत होता.”

दुसरी गोष्ट ‘काँट्रा’ची. तीन जिवांत तो खेळ संपवणारा माणूस आमच्या गल्लीत नव्हता. पण एक मंत्र होता, आणि तो गल्लीच काय, सगळ्या इंदूरला पाठ होता: सुरुवातीच्या चित्रावर अप, अप, डाऊन, डाऊन, लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट, बी, ए, आणि स्टार्ट. बरोबर दाबलं, तर तिनाचे तीस जीव. कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी हा मंत्र आधी ‘ग्रेडियस’साठी, १९८६ मध्ये, स्वतःच्या सोयीकरता घातला होता, कारण खेळ इतका अवघड झाला होता, की तो तपासायचा तर त्यांना स्वतःलाच पुढे जाता येईना. मला हे माणसाचं फार गोड लक्षण वाटतं.

तर मी आणि तो फुंकरवाला मित्र मोठ्याने मंत्र म्हणत बटणं दाबत होतो. दरवेळी कुठेतरी बोट सरकायचं आणि तीनच जीव मिळायचे. आजोबा ओरडले, “लयीत म्हणा रे! नुसतं काय बरळता?” मग त्यांनी मोजलं. दोन, दोन, दोन, दोन, दोन. दहा मात्रा.

“झपताल?” मी शहाणपणा केला.

“झपताल दोन-तीन, दोन-तीन. हा सूलताल. दहा मात्रा, दोन-दोनचे पाच विभाग. ऐक.” आणि ते हातावर ठेका म्हणू लागले: धा धा, दिं ता, किट धा, तिट कत, गदि गन. “पहिल्या दोन मात्रा सारख्या, धा धा. तुझं काय?”

“अप अप.”

“तिसऱ्या मात्रेला खाली असते. तुझं तिसरं बटण कुठलं?”

मी बोटाकडे पाहिलं. डाऊन. खालीला खाली! मला हसू आवरेना. आजोबा मात्र गंभीर होते, वेदात सापडल्यासारखे. “आणि तो स्टार्ट?” ते म्हणाले, “ती सम.” त्या दिवसापासून आमचा मंत्र चुकला नाही. आम्ही धा धा दिं ता म्हणत बटणं दाबायचो आणि समेवर तीस जीव पदरात पडायचे. माझा मित्र मालवी, त्याचा पखवाजाशी संबंध भजनातल्या ढोलकीपुरता. पण सूलताल त्याला आजही येतो. दोघांनी मिळून खेळायचं, तर ‘ए’ नंतर ‘सिलेक्ट’ दाबावं लागे. हे सांगितल्यावर आजोबांनी बोटांवर पुन्हा मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “अकरा! मग तो रुद्रताल. एकट्याला सूल, दोघांना रुद्र. कोण आहे रे हा जपानी?”

हाशिमोतोंना पखवाज ऐकून तरी माहीत असेल का, हा प्रश्न मी आजोबांना विचारला नाही. काही आनंद तपासून बघायचे नसतात.

बाकीच्या चाली आमच्याकडे आल्या आणि गेल्या. ‘डक हंट’मधला कुत्रा नेम चुकला की फिदीफिदी हसायचा, आजोबांच्या मते साऱ्या डब्यातला तो एकच बेसूर प्राणी. अमेरिकेतून आतेभाऊ आला, तो गेम बॉय घेऊन. त्याच्यात ‘टेट्रिस’, आणि त्यावर रशियन फेरीवाल्यांचं ते जुनं लोकगीत. आजोबांनी मच्छरदाणीतून ऐकलं आणि निकाल दिला, “ग, ध, नी कोमल. आसावरी थाट.” पुढचा तुकडा आला आणि ते उठून बसले. “शुद्ध निषाद कुठून घुसला?” आतेभाऊ म्हणाला, “आजोबा, इट्स रशियन.” “असू दे. मिश्र म्हणून सांगावं.”

आणि लाइट जायची. वीज हा त्या काळी मध्य प्रदेशात राजकारणाचा विषय होता. २००३ची निवडणूक वीज, रस्ता आणि पाणी यांच्यावरच गाजली. आमच्यापुरतं त्याचं स्वरूप असं, की डब्यात काही साठवून ठेवायची सोय नव्हती. आठव्या जगातल्या शेवटच्या किल्ल्यात, राक्षसाच्या पुलावर पाय ठेवावा, आणि अख्खी गल्ली गप्प. पंखे थांबायचे, मग चार घरांतून एकाच सुरात “अरे यार!” उठायचं. आजोबा अंधारात म्हणायचे, “समेच्या आधीच सभा उठली.” मेणबत्ती येईपर्यंत ते मांडीवर ठेका चालू ठेवायचे, जणू चाल कुठेतरी फिरतेच आहे आणि वीज आली की तिथूनच पकडायची आहे.

२००४ मध्ये ते गेले. पखवाज माझ्याकडे आला. डबा आधीच भंगारवाल्याकडे गेला होता. त्या जातीचं संगीत मात्र टिकलं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू चालत आले, ते ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि तशाच खेळांच्या संगीतावर, पूर्ण वाद्यवृंदासह. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत मारिओची चाल घेतली. त्या यादीतलं हे पहिलं खेळाचं संगीत. बातमी वाचून मी बायकोला म्हटलं, “आमच्याकडे ही मान्यता १९९६ सालीच मिळाली होती.” ती म्हणाली, “गाडी आली.”

गाडी म्हणजे कचऱ्याची. २०१७ मध्ये स्वच्छतेत इंदूरचा देशात पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून आमच्या सकाळीला एक चाल आहे. गाडी स्वच्छतेचं गाणं वाजवत गल्लीत शिरते. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. बाहेरगावचे पाहुणे दुसऱ्या दिवशी वैतागतात, चौथ्या दिवशी दात घासताना तेच गुणगुणतात. गाणं जवळ येतंय तोवर चहा पिता येतो. ते वळणाशी जाऊन बारीक व्हायला लागलं, की समजावं घड्याळ शंभराच्या आत आलं; मग साठीचे गृहस्थही एका चपलेत, दोन हातांत दोन बादल्या घेऊन, जिन्यावरून मारिओच्या चपळाईने उतरतात. कमरेचा पट्टा बांधायच्या आधी उतरलेले एक शेजारी मी स्वतः पाहिले आहेत.

मी आता आधीच जाऊन उभा राहतो. परवा गाडी दोन घरं पलीकडे थांबली होती, गाणं फिरत होतं, हातात रिकामा वेळ आणि ओल्या कचऱ्याची बादली. बादलीचं बूड बरं वाजतं. कणीक न लावता. नकळत बोटं चालू झाली. धा धा. गाडी पुढे सरकली. दिं ता. मी डोळे मिटले होते की काय, कोण जाणे. गाडीवरचा पोरगा माझ्यासमोर हात पुढे करून उभा होता.

“अंकल,” तो म्हणाला, “बाद में बजा लेना. खाली करो, खाली!”

“तिसऱ्या मात्रेला,” मी म्हटलं, आणि बादली त्याच्या हातात दिली.